कागदावरचा झगा

आमच्या कारखान्यात प्रत्येकीच्या वाट्याला एकच रंग असायचा. फिलोमेनकडे लाल, तिच्या पलीकडच्या जुळ्या बहिणींकडे हिरवा आणि सोनेरी, आणि माझ्याकडे निळा. लांबलचक टेबलावर छापील कागद डावीकडून सरकत यायचा. मी त्यावर पत्र्याचा कोरीव साचा ठेवायचे, गोंड्यासारखा आखूड ब्रश रंगात टेकवून साच्याच्या भोकांवर गोल गोल फिरवायचे आणि साचा उचलायचे. खाली पाणी उमटलेलं असायचं. नाहीतर आभाळ, नाहीतर एखाद्या बाईचा झगा. मग कागद उजवीकडे निघून जायचा. त्या बाईचे ओठ कधी लाल झाले, तिच्या मागच्या बागेत संत्री कधी लागली, हे मला कळायचंच नाही. मी आपली दिवसभर निळ्यात. घरी जाताना सेन नदीवरचा पूल ओलांडायचे, तर नदी चुकीच्या रंगाची वाटायची.

लढाई संपून काही वर्षं झाली होती. पॅरिसमध्ये तेव्हा फॅशनची मासिकं म्हणजे नुसती मासिकं नव्हती. जाड, हाताने केलेला कागद, त्यावर चित्रकारांनी काढलेल्या बायका, आणि एकेक चित्र आमच्यासारख्या पोरींनी हाताने रंगवलेलं. आमचं मासिक होतं 'ला क्लेर सेझों'. त्यातल्या चित्रांतल्या बायका कधी घाईत नसायच्या. कुणी गच्चीत उभी राहून चंद्राला पंखा दाखवतेय, कुणी नावेत बसून ससाण्याला द्राक्षं भरवतेय. बहुतेक चित्रांखाली तो झगा शिवणाऱ्या दुकानाचं नाव असायचं. पण प्रत्येक अंकात एखादं चित्र असं असायचं की ज्याच्याखाली कुणाचंच नाव नाही. तो झगा चित्रकाराने स्वप्नात पाहिलेला. असली चित्रं बहुतेक वेळा एवारिस्त मालोची असत.

एवारिस्त उंच, किडकिडीत आणि सतत खोकणारा. लढाईत विषारी वायू छातीत गेला होता. डोळ्यांवर पट्ट्या बांधून तो ब्रिटनीच्या किनाऱ्यावरच्या इस्पितळात महिनोन्‌महिने पडून होता आणि खिडकीखालच्या समुद्राचा नुसता आवाज ऐकत होता. तेव्हापासून त्याच्या चित्रातली बाई पाण्याकाठीच उभी राहायची आणि तिचे डोळे मिटलेले असायचे. रंग बघायला तो कारखान्यात यायचा तेव्हा फिलोमेन त्याला सोडायची नाही.

"अहो मालो, तुमच्या बायका जेवतात की नाही हो? कंबर बघा, माझ्या मनगटाएवढी!"

"जेवतात की. पण चित्राबाहेर."

"आणि चेहरा? सगळ्या एकाच आईच्या पोटच्या?"

"ते मात्र खरंय," तो म्हणायचा आणि खोकत हसायचा.

अशाच एका वर्षीच्या एप्रिलमधली गोष्ट. दुपारची वेळ होती, आम्ही टेबलाच्या कोपऱ्यावर पाव, लोणी आणि कोवळे मुळे खात बसलो होतो. एवारिस्तही आमच्यातच होता. दार उघडलं आणि एक बाई आत आली. साठीची असेल. डोक्यापासून पायापर्यंत काळी. टोपी काळी, हातमोजे काळे, छत्री काळी. बगलेत एक लांब पुठ्ठ्याची नळी. तिने आमच्याकडे बघून मान झुकवली, नळीतून एक कागद काढला आणि रंगांच्या वाट्या बाजूला सारून टेबलावर पसरला.

एवारिस्तचंच चित्र होतं, मागच्या हिवाळ्यातलं. दगडी पायऱ्यांवर एक बाई पाठमोरी उभी. तिचा झगा पायऱ्या उतरत खाली जातो आणि खालच्या पाण्यात मिसळतो. झगा कुठे संपला आणि पाणी कुठे सुरू झालं, काही कळत नाही.

"मी एर्मांस किलिए," ती म्हणाली. "सें-फ्लूरहून आले. मला हा झगा हवाय. मासिकाच्या कचेरीत गेले, तिथली मुलगी हसली. चित्रकाराच्या घरी गेले, त्यांची घरमालकीण म्हणाली, ते इथे असतील. कुठल्या दुकानात मिळेल तेवढं सांगा, मी निघते."

एवारिस्तच्या हातातला मुळा हातातच राहिला.

"बाई, हा कुठेच मिळणार नाही. हा झगा नाहीच आहे. मी मनाने काढलाय."

"नाही कसा? ही घालून उभी आहे की."

"हीसुद्धा मनानेच काढलीय."

"मग छान काढलीत. आता झगा करा."

फिलोमेन ठसका लागेपर्यंत हसली. "घ्या! बसा आता, कलाकार! मनातलं बाजारात मागायला लोक यायला लागले!"

पण मादाम किलिए हसली नाही. ती खुर्चीवर बसली, छत्री मांडीवर आडवी ठेवली. एकोणिसाव्या वर्षी वडील गेले, ती सांगू लागली, तेव्हा सुतकाचं काळं घातलं. ते उतरवायच्या आत सासू गेली, मग नवरा. मग काही वर्षांनी सुतक हलकं करायला फक्त छातीवरची फीत जांभळी करायचं मनात आणलं होतं, तर लढाई लागली आणि दोन्ही मुलगे गेले. काळ्याला काळं जोडत गेले, म्हणाली. नवऱ्याचं औषधांचं दुकान तीच चालवत होती.

"आमचं गाव डोंगराच्या माथ्यावर. घरं काळ्या दगडाची, चर्च काळ्या दगडाचं. मी त्याच्यासमोरून चालले की लोकांना वाटत असेल, भिंतच चाललीय. नोटरीच्या बायकोकडे तुमचं मासिक येतं. तिने बघायला दिलं. हे पान मी परत दिलंच नाही. आयुष्यातली पहिली चोरी. हिवाळाभर उशाशी ठेवून झोपले."

 जुळ्यांपैकी एकीने हळूच लोण्याची बशी तिच्यापुढे सरकवली. तिने हातमोजे न काढताच एक मुळा उचलला.

मी मात्र चित्राकडे बघत होते. यातला निळा मला ओळखीचा वाटेना. आमच्या फळीवर त्याच चित्राची दुसरी प्रत होती, ती काढून शेजारी ठेवली. फळीवरची निळी होती, नेहमीसारखी, दुपारच्या आभाळाची. मादाम किलिएच्या प्रतीतला निळा खोल होता, हिरव्याकडे झुकलेला, जणू आतून दिवा लावलाय. मग लक्षात आलं. वाटीतला रंग संपत आला की तळाशी बसलेला गाळ ब्रशला लागतो, आणि शेवटचे दोन-चार कागद असे उतरतात. सगळ्या कारखान्यांत हे व्हायचं, कुणी मनावर घ्यायचं नाही.

"बाई," मी म्हटलं, "यातला कुठला?"

तिने फळीवरच्या प्रतीकडे नजरही टाकली नाही. "माझा," म्हणाली.

फिलोमेनची नणंद झेली एका मोठ्या दुकानात शिवणकाम करायची. वसंतातली मोठी कामं उरकली की त्या दुकानांत मंदी येई आणि पोरींना घरी बसवत. मे महिन्यात झेली मोकळी झाली. मादाम किलिएने गल्लीतच एक खोली घेतली, दुकान गावी मदतनिसावर सोपवलं, आणि रविवारी, सुट्टीच्या दिवशी, आम्ही कारखान्यातच जमू लागलो. मालकांनी किल्ली दिली, वर म्हणाले, "माझे रंग सांडू नका, आणि मला काही सांगूही नका."

झेलीने चित्र उभं धरलं, आडवं धरलं, उलटं धरलं.

"हिच्यात शिरायचं कुठून? छपरावरून?"

"मला काय ठाऊक?" एवारिस्त म्हणाला. "मी चित्र काढतो, दारं नाही."

"आणि ही बाही? ही खांद्यातून निघते आणि थेट पाण्यात जाते. मधे हात आहे की नाही? का हातही मनातलाच?"

"हात... असावा."

"असावा म्हणे! यांच्या बायकांना हातच नाहीत, म्हणून इतक्या निवांत असतात बिचाऱ्या."

तिने पांढरी मलमल मादाम किलिएच्या अंगावर टाकली आणि टाचण्या लावायला लागली. त्यासाठी काळे कपडे उतरवावे लागले. आतल्या पांढऱ्या अंगरख्यात ती बाई कारखान्याच्या मधोमध, छताच्या काचेतून येणाऱ्या उजेडात उभी राहिली, आणि क्षणभर मला वाटलं की आपण हिला पहिल्यांदाच बघतोय. दंड गोरेपान, कधी ऊन न लागलेले. पाठ ताठ. झेली भोवती फिरत होती आणि एवारिस्त स्टुलावर बसून टक लावून बघत होता.

"खांदा इथून असा वळतो?" तो म्हणाला. "मला माहीतच नव्हतं."

"इतकी वर्षं बायकाच काढताय ना?" फिलोमेन म्हणाली.

"डोळे मिटून काढत होतो."

त्याने खिशातून पेन्सिल काढली. आधी खांदा काढला, मग मान. झेली म्हणेल तसं तो झग्यात बदल करत गेला. इथे चुणी घे, तिथे सोड. चित्रातला झगा कागदावरून एकेक पायरी उतरत खाली येऊ लागला. प्रश्न उरला तो शेवटचा. झगा संपतो कुठे? झेलीने डोकं धरलं. "कापडाला शेवट असतोच. कात्री लागतेच कुठेतरी. पाण्यात विरघळणारं रेशीम अजून जन्माला यायचंय."

"रंग विरघळवता येईल," मी म्हटलं. इतक्या दिवसांत मी पहिल्यांदाच मधे बोलले. "वर माझा तळाचा निळा. खाली उतरता उतरता फिका, अजून फिका, आणि काठाला काहीच नाही. शेवटचा थर इतका पातळ की जमिनीचाच रंग दिसावा."

झेलीने माझ्याकडे पाहिलं, मग एवारिस्तकडे. "ही पोरगी अशी गप्प का बसवून ठेवली होती तुम्ही?"

गोबलँ वस्तीच्या बाजूला एक रंगारी होता, मूळचा अल्सासचा, दाढीसुद्धा तिरंगी झालेला. त्याच्या आवारात मोठमोठी पिंपं होती आणि वरून दोऱ्यांवर ओलं रेशीम लोंबत होतं. लाल, केशरी, राखी. त्यातून वाट काढत जाताना गाल ओले व्हायचे. मी आमच्या वाटीच्या तळातला रंग खरवडून नेला होता, तो बघून त्याने पिंपात हे घाल, ते घाल असं करत दुपार काढली. शेवटी पाण्यावर तो निळा दिसला तेव्हा मादाम किलिए पुढे वाकली.

"बुडवायचं कसं?" तिने विचारलं.

"हळूहळू. वरचा भाग आत ठेवायचा, बाकीचं थोडं थोडं सोडायचं आणि लगेच वर घ्यायचं. काठ तर पाण्याला लागूच द्यायचा नाही. हात थरथरता कामा नये. बाजूला व्हा बाई, माझा माणूस करेल."

"तीस वर्षं मी थेंब मोजून औषधं केलीत," ती म्हणाली. "माझा हात थरथरत नाही."

तिने हातमोजे काढले. बाह्या कोपराच्या वर सारल्या. रंगारी रबरी मोजे पुढे करत होता, तिने ते घेतले नाहीत. रेशीम दोन्ही हातांवर घेतलं, एखाद्या तान्ह्या बाळाला पहिली आंघोळ घालावी तसं, आणि कोपरापर्यंत हात निळ्यात घातले. पाणी गरम होतं. वाफ तिच्या तोंडावर येत होती. ती कापड थोडं सोडायची, वर घ्यायची, पुन्हा सोडायची. दोऱ्यांवरून थेंब पडत होते तेवढाच आवाज. किती वेळ गेला ठाऊक नाही. कापड दोरीवर चढलं तेव्हा वरचं टोक अथांग आणि खालचं जवळजवळ नाहीसं झालेलं.

मादाम किलिएने आपले हात वर धरून पाहिले. कोपरापासून बोटांच्या टोकांपर्यंत निळे, नखंसुद्धा. आणि ती हसायला लागली. तोंडावर हात ठेवायला गेली तर गालाला निळं लागलं, त्यावर आणखी हसली. मग हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते काय आहे हे तिला विचारावंसं आम्हाला कुणालाच वाटलं नाही. फिलोमेनने तिला घट्ट मिठी मारली. फिलोमेनच्या ब्लाऊजवर त्या हातांचे ठसे उठले ते कायमचे.

बाहेर येऊन आम्ही कॅफेत बसलो. मादाम किलिएने हातमोजे पर्समध्येच ठेवले आणि दोन्ही हात टेबलावर उघडे ठेवले. वेटर बघतच राहिला.

"आजारी आहात का, मादाम?"

"होते," ती म्हणाली. "जेन्शियनच्या मुळांचं कडू मद्य आणा. सगळ्यांना."

तो रंग बरेच दिवस गेला नाही. ती त्याच हातांनी प्रार्थनेला गेली, त्याच हातांनी पाव विकत घेतला. आणि त्याच दिवसांत एवारिस्तने तिचं चित्र काढलं. कारखान्यात, खिडकीशी, तयार झालेला झगा घालून. या वेळी बाई पाठमोरी नव्हती. डोळे उघडे होते.

"सुरकुत्या काढू?" त्याने विचारलं होतं.

"काढा की. फुकट नाही मिळाल्या."

मासिकाच्या संपादकांनी ते चित्र घेतलं नाही. चित्र उत्तम आहे, म्हणाले, पण साठीच्या बाईकडे बघून आमच्या वाचक बायका झगे कसे घेतील? एवारिस्त भांडला नाही. ते चित्र त्याने मला रंगवायला दिलं, साच्याशिवाय, सगळे रंग मीच लावायचे. लाल लावताना माझा हात फिलोमेनला विचारत होता. ते चित्र मादाम किलिए गावी घेऊन गेली आणि दुकानात, काउंटरच्या मागे, औषधांच्या बरण्यांच्या मधे लावलं.

ऑगस्टमध्ये तिने आम्हाला बोलावलं. झेली, एवारिस्त आणि मी गेलो. फिलोमेन म्हणाली, डोंगर बघून माझे पाय दुखतात. गाव खरोखरच काळं होतं, पण हवा अशी की एवारिस्त पहिल्या दिवशी दोनदाच खोकला. मादाम किलिएने आम्हाला पिवळसर मसूर आणि सॉसेज खाऊ घातलं, आणि संध्याकाळ व्हायला लागली तेव्हा आत जाऊन झगा घालून आली.

"अजून बाहेर घातलेला नाही," ती म्हणाली. "घरात घालते. जिन्यावरून खाली-वर करते."

"मग आज?" झेलीने विचारलं.

"आज तुम्ही आहात."

चर्चसमोरच्या चौकात तेव्हा सगळं गाव हवा खायला बाहेर बसलेलं असायचं. आम्ही दुकानाच्या दारात थांबलो, ती एकटी पुढे गेली.  खाटकाच्या बायकोने खुर्ची फिरवून पाठ केली. दोन म्हाताऱ्यांनी छातीवर क्रुसाची खूण केली. काळ्या भिंतीसमोरून तो निळा चालला होता, आणि झग्याचा काठ दगडांवर कुठे संपतोय ते दिसत नव्हतं. वाटलं, चौकात पाणी आलंय. ती टोकापर्यंत गेली, वळली, परत निघाली. तिची चाल घाईची नव्हती. म्हातारा नोटरी बाकावरून उठला. रोज सकाळी तिच्या दुकानासमोरून जाणारा, वर्षानुवर्षं तिला मान झुकवणारा माणूस. त्याने टोपी काढली, डोळे बारीक केले आणि अदबीने म्हणाला, "मादाम, आमच्या गावात पाहुण्या आलात वाटतं?"

"हो," मादाम किलिए म्हणाली. "आत्ताच आले."

आवाज ऐकल्यावर त्याने तिला ओळखलं. त्याने हात पुढे केला, आणि तिच्याबरोबर चौकाच्या टोकापर्यंत चालत गेला. त्याची बायको, जिचं पान चोरीला गेलं होतं, ती बाकावरून म्हणाली, "तरीच! मी मेली घरभर शोधत होते!" आणि सगळा चौक हसला. खाटकाच्या बायकोची पाठ तेवढी तशीच राहिली.

एवारिस्त पॅरिसला परतलाच नाही. दुकानाच्या वरच्या खोल्यांत राहिला, चित्रं टपालाने पाठवायचा. पण आमचे दिवस भरत आले होते. मासिकांत फोटो यायला लागले. फोटो स्वस्त, फोटो झटपट, आणि फोटोतल्या झग्याला बाही असते. आधी रंगीत पानं कमी झाली, मग कागद पातळ झाला, आणि एका शरदात 'ला क्लेर सेझों' बंदच पडलं. मालकांनी आम्हाला बोलावून सांगितलं आणि स्वतःच रडले. जुळ्या बहिणी एका टोप्यांच्या दुकानात लागल्या. फिलोमेनने लाल रंगाची वाटी धुतली, पुसली, एप्रनमध्ये गुंडाळली. "आता माझ्या ओठांना लावते," म्हणाली.

हिवाळाभर मी मिळेल ते काम केलं. भेटकार्डं रंगवली, पंखे रंगवले. मे महिना संपता संपता एक दिवस माझ्या खोलीचं दार वाजलं. मादाम किलिए उभी होती. अंगावर राखी प्रवासी कोट, गळ्यात हिरवा स्कार्फ. जिना चढून दम लागला होता.

"झेली कुठे राहते? तिलाही घ्या बरोबर. मला पिवळा झगा हवाय."

"बाई, मासिक बंद पडलं. तुम्हाला कळलं नाही का?"

"मला मासिक कधी हवं होतं? मालो वर बसून कागदावर झगे काढतोय, खाली उतरवायला कुणी नाही. नोटरीच्या बायकोलाही एक हवाय. शाळेच्या बाईंनाही. माझ्या दुकानामागची खोली रिकामी आहे, खिडकी उत्तरेला." मग जरा थांबून म्हणाली, "खाटकाची बायको सोमवारी आली होती. खोकल्याचं औषध घेतलं, आणि किती वेळ चित्राकडे बघत उभी राहिली."

"पिवळा म्हणजे कुठला पिवळा?" मी विचारलं.

"तो सांगता येत नाही. चला, दाखवते."

दुसऱ्या दिवशी झेली शिवणयंत्राचं डोकं उशीत गुंडाळून स्टेशनवर आली. गाडी डोंगर चढायला लागली तेव्हा आम्ही तिघी खिडकीशी बसलो होतो. एका वळणानंतर दोन्ही बाजूंचे उतार एकदम उजळले. रानझुडपं खालपासून वरपर्यंत फुलली होती, मैलोन्‌मैल, आणि वारा आला की तो सगळा पिवळा एकदम हलायचा. झेलीच्या मांडीवरची उशी पिवळी झाली, मादाम किलिएचा कोट पिवळा झाला, माझ्या हातांवरही तो उजेड आला. मला तो रंग अजून कालवता येत नव्हता. मी खिडकी खाली केली आणि बघत राहिले.